राणी रंगाच्या लग्नात गेलेले ३,१५,००० रुपये

लेकीचं लग्न होऊन पाच महिने झाले. लिहू की नको यातच इतके दिवस गेले, कारण लिहायचं म्हणजे शाळेत एकोणतीस वर्षं गणित शिकवलेली बाई कशी फसली ते चारचौघांत सांगायचं. पण मागच्या आठवड्यात कळलं की लग्नाची सजावट, साड्या, फेटे पुरवतो म्हणून ज्याने मला फसवलं, तोच माणूस आता दुसऱ्या एका घरात बाटली हिरव्या रंगाच्या लग्नाचं काम घेतोय. मग गप्प बसवेना.

लेकीची हौस एवढीच होती की लग्न लागताना पिवळी अष्टपुत्री, ती ठरलेलीच. नंतर स्वागत समारंभाला मात्र सगळं राणी रंगाचं. मंडपाचं कापड, फुलं, फेटे, पैठण्या, सगळं. आणि पैठणी येवल्याचीच, फुलं नाशिकच्याच बाजारातली, कामं इथल्याच माणसांना द्यायची. त्या हौशीला कोणी नावं ठेवू नका. तिच्यात काहीच चूक नव्हती.

हा माणूस ओळखीतून आला. "काकू, विणकर, रंगारी, फुलवाले सगळे आपलेच. तुम्ही फक्त रंग दाखवा." कागदावर आकडे लिहून दिले: मंडप, स्टेज आणि ताजी फुलं २,१०,०००, नवरीची हातमागाची पैठणी ५८,०००, घरच्या नऊ बायकांना सेमी पैठण्या, प्रत्येकी ६,५०० प्रमाणे ५८,५००, ८० फेटे, ३५० प्रमाणे २८,०००, नवरदेवाचा शेला ४,५००. एकूण ३,५९,०००. कागदावर ना जीएसटी नंबर, ना शिक्का. मी तो कागद फाइलला लावला आणि निर्धास्त झाले.

आगाऊ घेतले २,५०,०००. एक लाख खात्यावर, एक लाख यूपीआयने, पन्नास हजार रोख. रोखीची पावती नाही. रोख देताना पावतीशिवाय पैसे हातचे सोडू नका, समोरचा कितीही "काकू काकू" करू दे. "कापड एकदा या रंगात बुडवलं की दुसऱ्या कोणाला खपत नाही, म्हणून आगाऊ रक्कम परत मिळत नाही," असं त्याने सांगितलं आणि ते मला पटलं. कोणालाही पटलं असतं. पण सगळं एकाच रंगात, एकाच छटेत हवं म्हटलं की ऐनवेळी दुसरा पुरवठादार शोधता येत नाही, हे त्याला माझ्या आधी कळलेलं होतं. कापड, साडी, फेटा, फुलं यांची माणसं वेगवेगळी ठेवा. छटेचा तुकडा कापून आपल्याजवळ ठेवा आणि त्याच्या मागे समोरच्याची सही घ्या.

आता ज्या क्षणाने माझी झोप जाते, तो सांगते. लग्नाला बारा दिवस असताना तो पैठणी घेऊन घरी आला. विहीणबाई आल्या होत्या, शेजारीच बसल्या होत्या. मी पदर उलटा केला. मोरांच्या मागे कापलेल्या धाग्यांची पिसं दिसली. माझ्या आईची पैठणी माझ्या कपाटात आहे. तिचा पदर सुलट-उलट सारखाच दिसतो, कारण हातमागावर प्रत्येक रंगाचा धागा त्या-त्या नक्षीपुरताच गुंफत नेतात. मागे धागे लोंबत असतील तर ती तशी हाताने गुंफलेली नाही. हे मला माहीत होतं! मी त्याच्याकडे बघितलं, तो म्हणाला, "काकू, आतून जाळी लावून देतो, दिसणार नाही." आणि मी पदर घडी करून ठेवला. विहीणबाईंसमोर लेकीची साडी खोटी आहे असं कुठल्या तोंडाने म्हणणार होते? ती लाज मला ५८,००० ला पडली. खऱ्या रेशमाची खूण असलेलं सिल्क मार्कचं लेबल बघितलं नाही, हातमागाचा मार्क बघितला नाही. येवला इथून दोन तासांवर आहे, तिथेही गेले नाही.

चार दिवस आधी "रंगारी अडलाय" म्हणून आणखी ६५,००० नेले. हळदीच्या सकाळी फोन बंद. माल टेम्पोने आला: फिकट गुलाबी पॉलिएस्टर, प्लास्टिकची फुलं, ८० पैकी ४६ फेटे, त्यातले वीस मरून रंगाचे. सेमी पैठण्या चारच. शेला नाहीच. गावातल्या मंडपवाल्याने ३८,००० घेऊन रातोरात पांढरं कापड बांधलं. त्या माणसाचे उपकार विसरणार नाही. आलेल्या मालाचे भरभरून ६०,००० धरले तरी २,५५,००० बुडाले.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी ऐकलं, "हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." दुसऱ्यांदा साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा म्हणाले, त्याचं दुकान आमच्या हद्दीत नाही. अहो, हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घ्यावाच लागतो, त्यालाच झीरो एफआयआर म्हणतात, आणि तो शब्द मी त्यांच्यासमोर उच्चारला. माल देण्याचा हेतूच नसताना पैसे घेणं ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेत त्यासाठी ३१८ कलम आहे, हेही सांगितलं. साध्या अर्जावर पोच दिली आणि "मॅडम, लग्न तर झालं ना?" असं विचारलं. लग्न झालं म्हणून चोरी माफ होते का? १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर सांगितलं, पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत. बँकेनेही तेच सांगितलं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनने तक्रार नोंदवली, समोरून उत्तर नाही म्हणून बंद केली. एकालाही त्या माणसाला साधा फोन करावासा वाटला नाही. मला मात्र प्रत्येकाने विचारलं, "आधी चौकशी का केली नाही?"

जिल्हा ग्राहक आयोगात मी स्वतः तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. हे मला एकाही खिडकीवर कोणी सांगितलं नाही. व्हॉट्सॲपवरचं त्याचं बोलणं पुसू नका, तारखांसकट छापून घ्या. माझ्या पन्नास हजार रोखीचा पुरावा म्हणजे "मिळाले काकू" हा त्याचा एकच मेसेज आहे.

पैठणी लेकीने परत माझ्याकडे दिली. जाळी उसवून, पदराची मागची बाजू वर करून ती पिशवीत बांधून ठेवली आहे. पुढच्या तारखेला आयोगासमोर तशीच उघडणार आहे.