रेंजला चार स्टार, कागदपत्रं सांभाळण्यात भोपळा

आईचा नंबर पोर्ट करायला नाशिकमधल्या एका मोठ्या कंपनीच्या स्टोअरला गेलेलो (नाव घेत नाही, सगळे एकाच माळेचे मणी). एसी, टोकन, बसायला सोफा, सगळं झकास. रेंज पण आता घरात मागच्या खोलीत फुल येते, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

पण काउंटरवरच्या पोराने आईचं आधार हातात घेतलं आणि आधी स्वतःच्या मोबाईलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढले. का रे बाबा? तर म्हणे सर, सर्व्हर स्लो आहे, नंतर अपलोड करतो. म्हणजे आईचं आधार आता याच्या गॅलरीत, मित्रांच्या बर्थडेच्या फोटोंमध्ये! मग प्लॅनचा हिशोब ज्या कागदावर लिहून दिला तो उलटा केला तर मागे कुणाच्या तरी वोटर कार्डाची झेरॉक्स, फोटो पत्ता सहीसकट. 1 जानेवारी 2024 पासून कागदी केवायसी (ग्राहकाची ओळख पडताळणी) बंद झालीये, मग आधीच्या झेरॉक्सचं रफ पॅड करायचं का? मी तिथेच फाडून टाकला तर पोरगं माझ्याकडेच बघतंय, जसं काय मीच येडा.

त्यात आईचा लाईव्ह फोटो पुन्हा पुन्हा, "काकू डोळे मिटले, परत बघा इकडे". असेलही खरं, पण बोगस सिमच्या केसेसमध्ये हीच तर ट्रिक असते, फोटो नीट आला नाही सांगून परत केवायसी घ्यायची आणि त्यावर दुसरं सिम काढून विकायचं. म्हणून घरी येऊन संचार साथी या सरकारी पोर्टलवर आईच्या नावावर कुठले नंबर आहेत ते चेक केलं, तर एक नंबर आमचा नाहीच! कधीचा कुणी काढला देव जाणे, "नॉट माय नंबर" करून टाकलं. एका नावावर 9 सिम चालतात आपल्याकडे, कुणाच्या लक्षात येणारे?

कस्टमर केअरला आधारच्या फोटोचं सांगितलं तर "सर आपला डेटा पूर्ण सुरक्षित आहे" आणि संध्याकाळी तक्रार सोडवल्याचा मेसेज. काय सोडवलं? त्या पोराला फोन तरी केला का?

आणि हे काय आजचं नाही. 2017 ला सिम व्हेरिफिकेशनसाठी दिलेल्या आधारवर एअरटेलच्या पेमेंट्स बँकेत लोकांना न विचारता खाती उघडल्याचं प्रकरण झालेलं, गॅसची सबसिडी तिकडे जमा आणि लोक आपले जुन्या पासबुकात शोधतायत, शेवटी डिसेंबरमध्ये आधार देणाऱ्या यूआयडीएआयने त्यांचं ई-केवायसी (आधारवरून ऑनलाइन पडताळणी) काही काळ बंद केलं. लोकांचा डेटा जपण्याचा कायदा 2023 ला आला, दंड 250 कोटींपर्यंत, पण काउंटरवर त्याचा वास पण नाही.

जाणार असाल तर कार्ड आपल्याच हातात धरा, कंपनीच्या टॅबशिवाय कशावर फोटो काढू देऊ नका आणि घरी आलात की संचार साथी बघा. आम्ही लगेच दुसरीकडे गेलो असतो, पण 90 दिवस परत पोर्ट होत नाही म्हणे.