मानेतली गाठ: वाट बघायची, सुईची तपासणी की बायोप्सी?

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘लिम्फ नोड’ (लसिका ग्रंथी, संसर्ग झाला की सुजणारी गाठ) दिसलं की नजर आधी सर्वांत मोठ्या आकड्यावर जाते. बघायचा असतो तो लहान आकडा, म्हणजे ‘शॉर्ट ॲक्सिस’. १८ × ६ मिमीची लांबट गाठ ११ × १० मिमीच्या गोल गाठीपेक्षा बरी. मानेत ही रुंदी साधारण १० मिमीपर्यंत चालते, जबड्याच्या कोनाखाली किंचित जास्तही. त्याहून बोलका शब्द ‘फॅटी हायलम’. गाठीच्या मधला हा पांढरा पट्टा ‘प्रिझर्व्ह्ड’ असेल, तर बहुतेक वेळा दात, घसा किंवा डोक्याच्या कातडीतल्या संसर्गामुळे आलेलं ते अवधाण असतं.

अशा गाठीसाठी वाट बघणंच योग्य. मूळ संसर्गावर उपचार घ्या आणि ४ ते ६ आठवड्यांनी सोनोग्राफी पुन्हा करा, शक्यतो त्याच सेंटरला, म्हणजे मापं ताडून बघता येतात. मात्र गाठ गळपट्टीच्या हाडावर असेल, कडक असेल, वाढत असेल किंवा सोबत ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं असेल, तर थांबू नका.

‘नेक्रोसिस’ (गाठीतला भाग मेलेला), ‘मॅटेड’ (गाठी एकमेकींना चिकटलेल्या) असं लिहिलं असेल तर आपल्याकडे टीबीचा विचार आधी येतो. तिथे एफएनएसी, म्हणजे सुईने पेशी ओढून केलेली तपासणी, सोयीची: बारीक सुई, काही मिनिटांचं काम, टाका नाही. पण सुई घालण्याआधीच डॉक्टरांना विचारा, ‘सीबीनॅटलाही (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) नमुना पाठवणार ना?’ तो निर्जंतुक डबीत, सलाईनमध्ये जायला हवा. फॉर्मॅलिनमध्ये टाकला की जंतू मरतात, कल्चर (जंतू वाढवून तपासणं) होत नाही, आणि कोणतं औषध लागू पडेल हे कळायची संधी जाते. ही चूक फार होते.

एफएनएसीत सुट्या पेशी दिसतात, गाठीची रचना दिसत नाही. म्हणून लिम्फोमाची (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरची) शंका असेल तर एफएनएसीवर विसंबू नये. शक्य असेल तर पूर्ण गाठच काढून तपासावी. गाठ खोल असेल तर जाड सुईची कोअर बायोप्सी. पूर्ण गाठ काढताना भूल बहुधा जागेपुरती, पण छोटा व्रण राहतो आणि खर्चही जास्त. तरीही एफएनएसी ‘रिॲक्टिव्ह’ (नुसती संसर्गाची सूज) आली आणि गाठ हटत नसेल, तर बायोप्सी टाळू नका. इथेही गाठीचा एक तुकडा सलाईनमध्ये ठेवायला सांगा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. आणि नमुना घेईपर्यंत गाठ बसावी म्हणून स्टेरॉइड घेऊ नका. लिम्फोमा त्याने तात्पुरता दबतो आणि निदान चुकतं.