कमी सोडियमचं मीठ: आमटीत पास, ताकात नापास

आमच्या ह्यांना बीपीची गोळी सुरू झाली आणि ओट्यावरचं मीठ बदललं. दिसायला साध्या मिठासारखंच, फक्त त्यातलं थोडं सोडियम कमी करून पोटॅशियम क्लोराईड घातलेलं. आमटीत, उसळीत काही म्हणजे काही कळत नाही. ताकात मात्र लगेच पकडलं जातं. घोट गिळला की जिभेच्या मागे नाणं चाटल्यासारखी कडसर चव रेंगाळते. कोशिंबिरीवर भुरभुरलं तरी तेच. लोणच्याला मी खडेमीठच घेते, वर्षभराच्या बरणीवर प्रयोग नकोत.

जाहिरातीला भुलून घेतलं नाही हो! चीनमधल्या 600 खेड्यांत जवळपास 21 हजार माणसांवर याची चाचणी झाली, निकाल 2021 मध्ये आला. पक्षाघात होऊन गेलेले, नाहीतर साठीपुढचे बीपीवाले. निम्म्या गावांना 75 टक्के साधं आणि 25 टक्के पोटॅशियमचं असं मिश्रण दिलं. पाचेक वर्षांत तिथे पक्षाघात 14 टक्क्यांनी कमी!

खरी गंमत मूत्रपिंडात आहे. पोटॅशियम कमी पडलं की तिथल्या बारीक नळ्या सोडियम धरून ठेवतात, त्यामागून पाणी थांबतं, बीपी चढतं. पोटॅशियम पुरेसं मिळालं की त्याच नळ्या सोडियम लघवीवाटे सोडून देतात. म्हणजे नुसतं मीठ कमी खाण्यापेक्षा हा फायदा दुहेरी. (सैंधव घ्या म्हणणाऱ्यांनो, तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराईडच असतं. गुलाबी आहे, एवढंच.)

आता तक्रार. पाकिटावर पुढे ठळक '15 टक्के कमी सोडियम', आणि कोणी खाऊ नये ते मागे, चष्मा लावूनही लागत नाही इतक्या बारीक अक्षरांत. वास्तविक तेच पुढे हवं. मूत्रपिंड अधू असेल तर पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. टेल्मिसार्टन, रामिप्रिल या बीपीच्याच गोळ्याही पोटॅशियम अडवून ठेवतात. ह्यांची गोळी टेल्मिसार्टनच, त्यामुळे डॉक्टरांनी आधी रक्त तपासून घेतलं, मगच हो म्हणाले. सासूबाईंचं क्रिएटिनिन वाढलेलं (म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावल्याची खूण), म्हणून त्यांची वाटी आधी काढून साधं मीठ घालते, तेही बेतानं.

साध्या मिठापेक्षा महाग आहे, पण महिन्याला लागतं कितीसं? 5 पैकी साडेतीन. दीड गुण त्या बारीक अक्षरांचे आणि ताकाचे कापले. ताकात हल्ली जिरेपूड आणि आलं सढळ घालते, मीठ घालतच नाही.