ठाणे खाडीच्या अभ्यासासाठी गूगल अर्थ इंजिन : एक अभिप्राय

ठाणे खाडीकाठच्या कांदळवनात गेल्या काही दशकांत काय बदल झाले, हे पुराव्यानिशी मांडू इच्छिणाऱ्यांनी गूगल अर्थ इंजिन अवश्य वापरून पाहावे. १९७२ पासूनच्या लँडसॅटच्या आणि २०१५ नंतरच्या सेंटिनेल-२ च्या उपग्रह प्रतिमा येथे एकत्र मिळतात. त्या उतरवून घ्याव्या लागत नाहीत, कारण सारी आकडेमोड गूगलच्याच संगणकांवर होते, आणि संशोधन व शिक्षणासाठी ही सेवा विनामूल्य आहे.

ऐरोलीजवळचा किनारा निवडून हिरवाईचा निर्देशांक (झाडोरा किती दाट आहे हे दाखवणारा आकडा) काढला, की कांदळवनाची कड स्पष्ट उठून दिसते. मात्र सेंटिनेल-२ चा सर्वांत बारीक ठिपकासुद्धा (पिक्सेल) जमिनीवर १० मीटर लांबी-रुंदीचा असल्याने नाल्यालगतची झाडांची चिंचोळी ओळ त्यात हरवते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एक प्रतिमा ओहोटीची आणि दुसरी भरतीची असेल, तर रोहित पक्षी जिथे चरतात तो चिखलाचा पट्टाच नाहीसा झाल्याचा भास होतो. म्हणून प्रत्येक प्रतिमेची वेळ भरती-ओहोटीच्या कोष्टकाशी ताडून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळालेल्या या खाडीबाबत एक चुकीचा दावा खोडला गेला, तर खऱ्या तक्रारीवरचाही विश्वास उडतो.

पावसाळ्यात ढगांमुळे या प्रतिमांचा फारसा उपयोग होत नाही. तेव्हा ढगांतूनही टिपता येणाऱ्या सेंटिनेल-१ च्या रडार प्रतिमा घ्याव्यात. उघड्यावर साचलेले पाणी त्यांत गडद दिसते.

जावास्क्रिप्ट किंवा पायथन ही संगणकीय भाषा थोडीफार यायला हवी, ही अडचण खरीच आहे. तरीही नवी मुंबईतील महाविद्यालयांनी भूगोलाच्या प्रात्यक्षिकांत ही सेवा आणावी, असे मला मनापासून वाटते.