ताऱ्याभोवतीच्या कोमट धुळीवर प्रोजेक्ट, मग मॉडेल कोणतं घ्यायचं?

जळगाव-धुळ्याकडचं एमएस्सी फिजिक्सचं कोणी हा विषय घेतला की पहिला प्रश्न हाच, भाऊ साधं मॉडेल घेऊ की पूर्ण फिजिक्सवालं. धूळ कोणती तर ताऱ्यापासून पृथ्वीसारखी ऊब असते तिथली, साधारण 300 केल्विनची. म्हणजे 27 अंश, आपल्याकडे मे महिन्यात याला कोणी गरम म्हणणार नाही. पण ग्रह शोधणाऱ्यांना तीच नडते, कारण पृथ्वीसारखा ग्रह दृश्य प्रकाशात त्याच्या ताऱ्यापेक्षा 1000 कोटी पट मंद असतो आणि त्याच जागी धूळही उजेड फेकत बसलेली असते. आपल्या सूर्याभोवतीची अशी धूळ बघायची तर फेब्रुवारी-मार्चमध्ये अंधार पडल्यावर तोरणमाळवरून पश्चिमेला बघा, चांदणं नसेल तर फिकट त्रिकोणी पट्टा दिसतो, राशिप्रकाश तो.

पहिला पर्याय साधा. नासाच्या कोबे उपग्रहाच्या मोजमापांवरून 1998 साली केल्सॉल आणि सहकाऱ्यांनी सूर्याभोवतीच्या धुळीचं मॉडेल बसवलं, तेच दुसऱ्या ताऱ्याला लावायचं, किंवा आणखी सोपं करून सपाट चकती धरायची जिची घनता अंतराप्रमाणे हळूहळू बदलते. आणि उत्तर झोडीत द्यायचं, 1 झोडी म्हणजे आपल्याइतकी धूळ. अंतर मात्र ताऱ्याच्या तेजाप्रमाणे ताणावं लागतं, अभिजित (व्हेगा) तारा सूर्याच्या जवळपास 40 पट तेजस्वी म्हणून तिथे आपल्यासारखी ऊब 6 एयूच्या (1 एयू म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) आसपास मिळते. ॲरिझोनातल्या लार्ज बायनॉक्युलर टेलिस्कोपवरच्या होस्ट्स सर्व्हेने असंच साधं मॉडेल वापरलं, 11 मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास, म्हणजे उष्णतेच्या अवरक्त प्रकाशात, 38 तारे बघितले, 10 जणांकडे धूळ सापडली, आणि सूर्यासारख्या ताऱ्यांसाठी मध्यक 3 झोडी आला पण 95 टक्के खात्रीची वरची मर्यादा 27. एवढी मोठी अनिश्चितता असताना मॉडेलमध्ये पंधरा पॅरामीटर घालून काय करणार? लॅपटॉपवर पायथॉनमध्ये हे आरामात चालतं.

दुसरा पर्याय म्हणजे धूळ आली कुठून तेही सोडवायचं. ताऱ्यापासून लांबच्या थंड पट्ट्यात दगड एकमेकांवर आदळून चुरा होतो, ताऱ्याच्या प्रकाशामुळे कणांचा वेग मंदावतो आणि ते गोल गोल फिरत आत सरकतात (पॉइंटिंग-रॉबर्टसन ड्रॅग), वाटेत पुन्हा आदळतात. डाळ मिलच्या भाषेत सांगायचं तर पहिलं मॉडेल चुनीचा ढीग मोजतं, हे मॉडेल मिल कशी चालते ते सांगतं. इथे एक गंमत आहे जी साध्या मॉडेलमधून कधीच कळत नाही: बाहेरचा पट्टा दुप्पट दाट केला म्हणून आतली धूळ दुप्पट होत नाही, कारण दाट पट्ट्यात कण आत पोचायच्या आधीच आपटून बारीक होतात आणि फार बारीक झाले की प्रकाशाच्या दाबाने बाहेर फेकले जातात. होस्ट्समध्ये धूळ सापडलेल्या बहुतेक ताऱ्यांकडे थंड पट्टा आधीच माहीत होता, एप्सिलॉन एरिडानी त्यातलाच, म्हणून अशा ताऱ्यावर काम असेल तर हे मॉडेल घ्याच. अडचण अशी की मधे एखादा मोठा ग्रह असेल तर तो धूळ अडवतो, आणि धूमकेतूंनी आणलेला माल वेगळा धरावा लागतो, म्हणजे एका सेमिस्टरचं काम दोनवर जातं.

तिसरा, एन-बॉडी, म्हणजे तारा आणि ग्रहांच्या ओढीखाली एकेका कणाची वाट कॉम्प्युटरवर काढायची. ग्रहाच्या रेझोनन्समध्ये (कणाच्या आणि ग्रहाच्या फेऱ्यांचं ठरावीक प्रमाण जुळतं तिथे) अडकलेल्या धुळीचे गठ्ठे दाखवायला हाच लागतो, आणि तसा गठ्ठा फोटोत ग्रहच वाटू शकतो. विषय भारी, पण कॉम्प्युटर सेंटरवर वेळ मिळत नसेल तर नादी लागू नका.

माझं मत विचाराल तर ताऱ्यांची यादी घेऊन कुठला तारा निरीक्षणाला चांगला हे ठरवायचं असेल तर पहिलंच, एकाच ताऱ्याची गोष्ट सांगायची असेल तर दुसरं. पण दोन्हीकडे एक खड्डा सारखाच आहे आणि परीक्षक तिथेच बोट ठेवतील: मोजली ती धुळीची उष्णता, आणि नासाची पुढची, पृथ्वीसारखे ग्रह शोधायची अवकाश दुर्बीण हॅबिटेबल वर्ल्ड्स ऑब्झर्व्हेटरी प्रामुख्याने बघणार तो धुळीवरून विखुरलेला ताऱ्याचा प्रकाश. एकावरून दुसऱ्यावर जायला कणांचा आकार आणि ते सिलिकेटचे, कार्बनचे की बर्फाळ हे लागतं, ते 11 मायक्रॉनच्या एका आकड्यातून निघत नाही. म्हणून मॉडेल कुठलंही घ्या, निदान दोन प्रकारचे कण धरून गणित चालवा आणि रिपोर्टमध्ये दोन्ही आकडे छापा, सरासरी काढून एक करू नका.