पिकार्डचं हाताने रंगवलेलं पोर्सलिन: काय घ्यावं, काय सोडावं

शिकागोच्या पिकार्ड रंगशाळेचं पहिल्या महायुद्धापूर्वीचं काम संग्रहात असायलाच हवं, पण पिकार्डचा शिक्का आहे एवढ्यावर वस्तू घेऊ नका. 1893 मध्ये विल्डर पिकार्ड यांनी सुरू केलेली ही संस्था त्या काळात भांडी घडवत नव्हती. फ्रान्समधलं लिमोज, जर्मनीतलं बव्हेरिया इथून झिलई (काचेसारखा चकचकीत थर) झालेली कोरी पांढरी भांडी यायची आणि इथले चित्रकार ती रंगवायचे. त्यामुळे प्रत्येक बशी दोनदा तपासावी लागते: एकदा भांडं म्हणून, एकदा चित्र म्हणून.

आधी तळ बघा. झिलईच्या खाली असलेला, बहुधा हिरवा शिक्का भांडं घडवणाऱ्याचा; झिलईवरचा शिक्का रंगवणाऱ्याचा. हॅविलंड या लिमोजच्या कंपनीचा खालचा हिरवा आणि वरचा लाल असे दोन्ही दिसले, तर ते भांडं फ्रान्समध्येच सजलेलं आहे. फक्त खालचाच शिक्का असेल तर भांडं बहुधा कोरं विकलं गेलं आणि एखाद्या हौशी चित्रकर्तीने घरी रंगवलं. हे कमीपणाचं मुळीच नाही. अॅडलेड रोबिनो यांनी 1899 मध्ये सुरू केलेल्या 'केरॅमिक स्टुडिओ' मासिकातल्या शैलीबद्ध नक्षी पाहून अशा अनेकजणी रंगवत होत्या. फूल जसंच्या तसं न काढता त्याचा आकार साधा, सपाट करून कडेभोवती लयीत फिरवायचा, हे आर्ट्स अँड क्राफ्ट्स या हस्तकला चळवळीचं मर्म त्यांच्या चांगल्या कामात पुरेपूर दिसतं. निनावी असल्यामुळे असं काम दुर्लक्षित राहतं.

मग दहापट भिंग. एकसारख्या बारीक ठिपक्यांनी रंगछटा बनली असेल तर तो छापील चिकटचित्राचा (कागदावर छापून भांड्यावर उतरवलेल्या चित्राचा) पुरावा. हाताच्या कामात कुंचल्याचा फटकारा सुरू होताना आणि संपताना रंगाची जाडी बदलते. कधी बाह्यरेषा छापलेली आणि आतला रंग हाताने भरलेला असतो. अशा नगाला पूर्ण हस्तकामाचा भाव देऊ नये.

रंगांचे दोष भट्टीतून येतात. सोन्यापासून बनणाऱ्या गुलाबी रंगाला जास्त आच लागते. ती कमी पडली तर तो तपकिरीकडे झुकतो, जास्त झाली तर जांभळट होतो. लोहाचा लाल मात्र जास्त आचेत उडून जातो, म्हणून तो नंतरच्या, मंद भट्टीत भाजतात. लाल पाकळ्या फिकट आणि बाकी चित्र ठसठशीत असेल, तर कारण बहुधा हेच.

सर्वांत आधी झिजतं ते सोनं. कड आणि मूठ तिरप्या उजेडात धरा. पांढरं डोकावत असेल तर नग सोडा, कारण पुन्हा सोनं चढवायचं तर भट्टीत घालावं लागतं आणि जुनं भांडं त्यात तडकू शकतं. अतिनील दिव्याखाली डागडुजीचा रंग अनेकदा वेगळा चमकतो. काही नवे लेप मात्र या दिव्याला फसवतात, म्हणून बोटाच्या टोकाने पृष्ठभागही चाचपा: दुरुस्तीची जागा किंचित उबदार आणि मऊ लागते.

पिकार्डची आम्लाने कोरून वर सोनं चढवलेली भांडी देखणी आहेत, पण तीच तीच नक्षी पुन्हा भेटते. एकच नग घ्यायचा असेल तर चित्रकाराची सही असलेलं रंगीत काम घ्या, ई. चॅलिनर ही सही त्यातली नावाजलेली. सही चित्राच्या पुढच्या बाजूला, रंगकामाच्या कडेला शोधा.

धुताना कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ कापड. डिशवॉशरमधला क्षार सोनं आणि रंग दोन्ही खातो. बशा एकावर एक ठेवल्या तर वरच्या बशीच्या तळाचं खडबडीत कडं खालच्या सोन्यावर चरे पाडतं, म्हणून मध्ये मऊ कापड घाला. झिलईवरच्या या रंगांत शिसं असतं; लिंबू, दही, व्हिनेगर यांतलं काहीही या भांड्यांत वाढू नका.