एक्सबॉक्स सिरीज एस: हौशी खेळाडूला पुरेल, अट्टल गेमरला अपुरा पडेल

मायक्रोसॉफ्टचे गेमिंग कन्सोल एक्सबॉक्स सिरीज एक्स (महाग, ताकदवान) आणि सिरीज एस (स्वस्त, लहान) १० नोव्हेंबर २०२०ला एकदमच बाजारात आले. भारतात तेव्हा किंमत होती ४९,९९० आणि ३४,९९० रुपये. पैसे वाचतात म्हणून डोळे झाकून एस घेऊ नका. आधी घरातला टीव्ही बघा आणि एका वेळी किती मोठे गेम हाताशी लागतात ते मोजा.

प्रोसेसर दोन्हींत जवळपास सारखाच. खरा फरक ग्राफिक्सच्या ताकदीचा (४ टेराफ्लॉप, एक्समध्ये १२) आणि मेमरीचा, म्हणजे रॅमचा (१० जीबी, एक्समध्ये १६). फोर्झा होरायझन ५ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम एसवर एकतर १४४०पी-३० फ्रेम चालतो (चित्र जास्त स्पष्ट), नाहीतर १०८०पी-६० फ्रेम (सेकंदाला जास्त चित्रं, हालचाल जास्त सफाईदार). ४३ इंचापर्यंतच्या टीव्हीवर बिनधास्त ६० फ्रेम घ्या. वळणावर गाडी हाताचं जास्त ऐकते. मोठ्या फोर-के टीव्हीवर मात्र लांबची झाडं, पाट्या पुसट वाटतात. मेमरीचा फटकाही खरा आहे: डिसेंबर २०२३मध्ये बाल्डर्स गेट ३ एक्सबॉक्सवर आला, तो एसवर तेव्हा स्प्लिट-स्क्रीनशिवाय, म्हणजे एकाच टीव्हीवर दोघांनी खेळायच्या सोयीशिवाय.

सगळ्यात मोठी गोची गेम साठवायच्या जागेची. ५१२ जीबीपैकी वापरायला मिळतात ३६४. फोर्झा एकटाच शंभरीच्या पुढे, म्हणजे असे तीन गेम टाकले की जागा संपली. यूएसबी ३ची हार्ड डिस्क (किमान १२८ जीबी) जोडता येते, पण तिच्यावरून थेट चालतात ते एक्सबॉक्स वन (आधीच्या पिढीचा कन्सोल) आणि त्याआधीचे गेम. सिरीज एक्स-एससाठी बनवलेला गेम कन्सोलच्या आत हलवल्याशिवाय सुरू होत नाही. तरी हार्ड डिस्क घ्याच. शंभर जीबी पुन्हा डाउनलोड करत बसण्यापेक्षा हलवणं केव्हाही बरं. कन्सोलच्या मागच्या खाचेत बसणारं, साठवायची जागा वाढवणारं एक्सपान्शन कार्ड हा अडथळा दूर करतं, पण त्याची किंमत धरली की एस 'स्वस्त' राहत नाही. दर आठवड्याला गेम बदलणाऱ्याने सरळ एक्स घ्यावा.

डिस्क ड्राइव्हही नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून गेमची सेकंडहँड डिस्क आणायची, गेम संपवून पुन्हा विकायची, अशी सवय असेल तर एसच्या वाटेला जाऊ नका.

घेतलाच तर बंद कप्प्यात कोंबू नका. आडवा ठेवलात तर काळी गोल जाळी वर हवी. कंट्रोलरला दोन डबल-ए सेल लागतात, म्हणून रिचार्जेबल चार घ्या: दोन वापरात, दोन चार्जिंगला. क्विक रिझ्यूम या सोयीमुळे अर्धवट सोडलेला गेम जिथल्या तिथे उघडतो. ऑनलाइन गेमचं मात्र सर्व्हरशी कनेक्शन तुटलेलं असतं. तेव्हा गेमवर जाऊन मेनू बटण, क्विट, आणि नव्याने सुरू करा.

आणि पहिल्याच दिवशी सेटिंग्ज, जनरल, पर्सनलायझेशनमध्ये जाऊन 'माय होम एक्सबॉक्स' चालू करा. मग त्या कन्सोलवर घरातले बाकीचे आपापल्या खात्यावरून तुमचे गेम खेळू शकतात आणि नेट गेलं तरी विकत घेतलेले सिंगल-प्लेअर गेम सहसा अडत नाहीत.